मूल अभ्यासात अडलंय? शिक्षकांशी बोलताना काय विचारायचं, काय सांगायचं

दहावीचा निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आता दरवर्षीची झाली आहे. २०२४ साली हा आकडा ९९.०१ टक्के होता. मुलांचा आणि शिक्षकांचा अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण ह्याच जिल्ह्यांत, वाडीवरच्या दोन खोल्यांच्या शाळेत, तिसरी-चौथीत असं एखादं मूल असतं ज्याला धड्यातलं एक वाक्य वाचताना घाम फुटतो. त्याची बातमी होत नाही. घरचे म्हणतात, 'ह्याचं अभ्यासात लक्षच नाही.' शाळेत म्हणतात, 'घरी कुणी बघत नाही.' दोन्हीकडची माणसं त्या मुलाचं भलंच चिंतत असतात आणि तरीही दोन-तीन वर्षं अशीच निघून जातात.

मला ठामपणे वाटतं, की अशा मुलाला सगळ्यात आधी क्लास लागत नाही आणि ओरडा तर नाहीच लागत. त्याचं अडतंय ते नेमकं कुठे, हे घर आणि शाळा दोघांनी मिळून शोधावं लागतं. शिक्षकाला मूल वर्गातल्या पाच-सहा तासांत दिसतं. आईला ते संध्याकाळी, आजारपणात, बाजारात, भांडणात दिसतं. ही दोन्ही माहिती एकत्र आली की निम्मं काम होतं.

आधी हे समजून घेऊ, की पालकांना इतक्या उशिरा का कळतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही, अशी तरतूद होती. मुलाला भीती वाटू नये, त्याने शाळा सोडू नये, हा हेतू चांगलाच होता. पण प्रगतिपुस्तकात 'ब-२' किंवा 'क-१' अशी श्रेणी येते, मूल पुढच्या वर्गात जातं आणि घरच्यांना वाटतं सगळं बरं चाललंय. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात उत्तीर्ण झालं नाही तर मुलाला जादा मार्गदर्शन देऊन पुनर्परीक्षा घेतात आणि तिथेही जमलं नाही तर ते त्याच वर्गात राहतं. म्हणजे दुसरीत राहिलेली अडचण पालकांसमोर पाचवीच्या निकालात येते. तोवर मुलाने स्वतःबद्दल 'आपल्याला येतच नाही' हे पक्कं करून टाकलेलं असतं, आणि ते पुसणं अक्षरं शिकवण्यापेक्षा अवघड आहे.

ह्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये मात्र एक गोष्ट आहे जी फार थोड्या पालकांना ठाऊक असते. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवणं आणि पालकांची नियमित सभा घेऊन त्यांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं, ही शिक्षकाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. तेव्हा 'सर, माझ्या मुलाला नेमकं काय येतं आणि काय येत नाही?' असं विचारायला जाताना संकोचू नका. हा तुमचा हक्क आहे आणि चांगल्या शिक्षकाला हा प्रश्न आवडतोच.

आता 'नेमकं' म्हणजे काय ते बघू. समजा चौथीतल्या एका मुलाची शुद्धलेखनाची वही आहे. बाईंनी वाक्य सांगितलं: 'त्या दिवशी आईने पिशवीत मिरच्या आणल्या.' मुलाने लिहिलं: 'ता दविशी आईने पशिवीत मरिचा आणला.' सहा शब्दांत पाच लाल गोल. आई ते पान बघते आणि कपाळाला हात लावते.

पण पान नीट बघा. दविशी, पशिवीत, मरिचा ह्या तीन शब्दांत चूक एकच आहे. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, पण कागदावर अक्षराच्या आधी काढायची असते. मुलगा जसं ऐकतो तसं क्रमाने लिहितो: आधी 'प', मग वेलांटी. ती वेलांटी पुढच्या 'श'ची होऊन बसते. आणि 'त्या'चा 'ता', 'मिरच्या'चा 'मिरचा', 'आणल्या'चा 'आणला' ही दुसरी चूक, जोडाक्षराची. 'आईने' हा शब्द त्याने अगदी बरोबर लिहिला आहे, म्हणजे मात्रा आणि दीर्घ स्वर त्याला कळतात. तेव्हा ह्या मुलाला 'लिहिता येत नाही' हे खरं नाही. त्याच्या दोन गोष्टी शिकायच्या राहिल्या आहेत. पाच लाल गोलांपेक्षा हे वाक्य आईच्या हातात पडलं तर ती काहीतरी करू शकते.

राहिल्या का, ह्याचं उत्तर बऱ्याचदा हजेरीपटात सापडतं. आपल्याकडे जुलैत लावणी असते, ओढ्याला पाणी चढलं की साकवावरून पोरांना पाठवत नाहीत, पुढे गणपतीत घर भरतं आणि सुट्टीला दोन-चार दिवस इकडून तिकडून जोडले जातात. त्याच दिवसांत वर्गात जोडाक्षरं शिकवून झाली असतील तर मूल परत आल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो. तीच गोष्ट मार्च-एप्रिलची. देवगडकडे, रत्नागिरीकडे आंब्याचा हंगाम आणि वर्षअखेरची उजळणी एकाच वेळी येतात, आणि घरातली सगळी मोठी माणसं पहाटेपासून बागेत असतात. ह्यात कुणाला दोष द्यायचा नाही, पोट त्यावरच चालतं. पण शिक्षकांना विचारा: माझा मुलगा नव्हता त्या दिवसांत काय शिकवून झालं? पटावर तारखा असतात, पाठ टाचणात, म्हणजे शिक्षकांच्या शिकवण्याच्या नोंदवहीत, विषय असतात. दोन्ही शेजारी ठेवले की कळतं.

भाषेचं वेगळंच

सिंधुदुर्गात, रत्नागिरीत बरेच शिक्षक घाटावरून, मराठवाड्यातून आलेले असतात. मुलगा घरी मालवणी बोलतो. तो वहीत लिहितो, 'काल पावस इलो.' नव्याने आलेल्या सरांना ते अशुद्ध मराठी वाटतं. मुलाला मात्र वाटतं की आपण बरोबर सांगितलं तरी चूकच. मग तो बोलायचंच बंद करतो आणि गप्प मूल वर्गात 'ढ' ठरायला वेळ लागत नाही. पाऊस आल्याचं त्याला सांगता येतं, वाक्य जुळवता येतं, भूतकाळ कळतो. फक्त ते त्याने त्याच्या भाषेत केलं आहे. इथे पालकांनी पुढे होऊन सांगायला हवं: सर, आमच्या घरी मालवणीच बोलतात, त्याला तुमचं एखादं वाक्य कळत नसेल तर आधी त्याच्या बोलीत बोलू द्या, मग पुस्तकातलं कसं म्हणतात ते सांगा. आणि घरात मालवणी किंवा संगमेश्वरी बंद करून मोडकंतोडकं पुस्तकी बोलायला लागू नका. ज्या भाषेत मूल विचार करतं ती काढून घेतली तर दुसरी भाषा टेकवायची कशावर?

घरची माहिती म्हणजे फक्त अडचणींची यादी असं मात्र समजू नका. मूल काय करू शकतं, हे सांगणं जास्त उपयोगाचं आहे. हर्णैच्या किंवा मालवणच्या बाजारात आईशेजारी बसणारी मुलगी मासळीच्या वाट्याचा भाव सांगते, पाचशेची नोट घेऊन उरलेले पैसे बरोबर परत देते, आणि तीच वर्गात हातच्याची वजाबाकी चुकते. ही गोष्ट बाईंना ठाऊकच नसते. ती कळली तर त्या फळ्यावर आधी वाट्याचा हिशेब मांडतील आणि मग त्याच हिशेबाला दशक-एकक लावून दाखवतील. तिला वजाबाकी येते, कागदावरची रीत येत नाही, एवढाच मुद्दा आहे. पेटीत किती डझन भरले हे तोंडी सांगणाऱ्या मुलाचंही तसंच.

मराठी आकड्यांची नावंही मुलांना अडवतात. 'शहात्तर' ऐकताना सहा आधी येतो, लिहिताना सात आधी. मूल ६७ लिहून मोकळं होतं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तर सहा' अशी रीत आणली तेव्हा मोठा वाद झाला होता. वाद बाजूला राहू दे. ज्या मुलाचे आकडे उलटतात त्याला घरी चार दिवस 'सत्तर सहा म्हणजे शहात्तर' असं दोन्ही म्हणायला लावा, आणि तेच वर्गातही चालेल का, हे बाईंना विचारा. घरी एक आणि शाळेत दुसरं झालं तर मूल आणखी गोंधळतं.

भेट कशी घ्यायची

शाळा सुटताना फाटकात उभं राहून, मुलाच्या देखत, 'काय सर, कसा काय आमचा?' असं विचारलं की उत्तर 'बरा आहे, लक्ष द्या जरा' एवढंच येतं. सरांना तेव्हा पोषण आहाराची नोंद करायची असते, माहिती ऑनलाइन भरायची असते आणि पहिली ते चौथी एकट्याने सांभाळून ते दमलेले असतात. शनिवारी सकाळची शाळा असते. आधी फोन करून शाळा सुटल्यावरची वीस मिनिटं मागून घ्या. जाताना मुलाच्या दोन वह्या घेऊन जा. गटावर सगळ्यांसमोर मुलाचा विषय काढू नका, व्हॉट्सॲप त्यासाठी नाही.

आणि भेटल्यावर पहिला प्रश्न असा असू दे. कुडाळकडची आई आपल्या बोलीत विचारेल: "सर, तुमी म्हणतास ह्येका वाचूक येणा नाय. पण नेमका अडता खय, ता माका दाखवशात?" म्हणजे, नेमकं कुठे अडतं ते मला दाखवाल का? 'दाखवा' हा शब्द महत्त्वाचा. सरांनी वहीतलं पान उघडून बोट ठेवून दाखवलं की गप्पा नेमक्या होतात. मग तुम्ही घरचं सांगा: तो कधी झोपतो, संध्याकाळी त्याच्याजवळ कोण असतं, कोणत्या विषयाचं नाव काढलं की पोट दुखतं म्हणतो, बाबा बोटीवर किंवा मुंबईला असले की त्याचं काय होतं. शाळेत जाताना रडू येत असेल तर तेही सांगा. वर्गात कुणी चिडवत असेल, हात उगारला जात असेल तर ते तर सांगायलाच हवं. मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं ह्या दोन्हींना कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. घरच्या हातालाही तीच शिस्त लावावी असं मला वाटतं, कारण भ्यालेल्या मुलाला येत असलेलंही आठवत नाही.

उठण्याआधी एकच गोष्ट ठरवा. खरंच एकच. वरच्या मुलासाठी ती असेल ऱ्हस्व वेलांटी, तीन आठवडे. जोडाक्षरं नंतर. शाळेत सर रोज पाच शब्द देतील, घरी पंधरा मिनिटं तेच शब्द पाटीवर. त्या तीन आठवड्यांत बाकीच्या चुकांवर लाल गोल नको, ही विनंती सरांना जरूर करा. पंधरा मिनिटांहून जास्त घेऊ नका. थकलेलं मूल चुकीचंच पुन्हा पुन्हा गिरवतं आणि ते मग पक्कं होतं.

ह्यासाठी चाळीस पानी वही पुरते. तिला निरोपवही म्हणा हवं तर. शनिवारी सरांनी त्यात एक ओळ लिहायची: 'पाचपैकी तीन शब्द न बघता बरोबर.' रविवारी घरून एक ओळ: 'रोज बसला. गुरुवारी ताप होता.' शेरे नकोत, उपदेश नको, दोन्हीकडून फक्त जे घडलं ते. 'सुधारणा आवश्यक' ह्या शेऱ्यावरून काहीच करता येत नाही, 'पाचपैकी तीन' वरून पुढच्या आठवड्याचं ठरतं.

आईला स्वतःला वाचता येत नसेल तर? तरीही तिच्याशिवाय हे होत नाही. मुलाने वाचायचं आणि तिने भाकऱ्या थापता थापता ऐकायचं, मधेच विचारायचं, 'मग काय झालं?' गोष्ट सांगता आली म्हणजे वाचलेलं कळलं आहे. अडखळला तर ऐकणाऱ्यालाही कळतं. बाबा मुंबईला असतील तर रात्री ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर अर्धं पान बाबांना वाचून दाखवायचं. चाकरमानी बापाला नुसतं 'अभ्यास केलास काय?' विचारण्यापेक्षा हे खूप जवळचं काम आहे. पावसात नेट जातं, तेव्हा आजी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. बोटीवर जाणारे बाबा त्या दोन महिन्यांत घरी असतात आणि शाळाही त्याच सुमारास सुरू होते. वर्षाची पहिली भेट तेव्हाच, दोघांनी मिळून घ्यावी.

हे करूनही फरक पडला नाही तर

आधी डोळे आणि कान. हे इतकं साधं आहे की राहून जातं. फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहिणारं मूल आळशी नसतं, त्याला दिसत नसतं. पावसाळ्यात सर्दीने कान वाहतो आणि त्या दिवसांत कमी ऐकू येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलं तपासतं आणि गरज असेल तर पुढे पाठवतं. पथक कधी येणार ते शाळेत विचारून ठेवा, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि तुमची शंका आदल्या दिवशीच सरांना सांगून ठेवा.

डोळे-कान ठीक, हजेरी ठीक, दोन-तीन महिने नेटाने काम झालं, निरोपवही भरली, आणि तरीही मूल म-भ, घ-ध, ब-व ह्यांत रोज गोंधळतं, काल आलेला शब्द आज परका असतो, तोंडी मात्र सगळं फटाफट सांगतं? मग अध्ययन अक्षमतेची शक्यता तपासून घ्यावी. ह्याचा बुद्धीशी संबंध नाही. मेंदू अक्षर आणि आवाज यांची सांगड वेगळ्या गतीने घालतो, म्हणून वाचन, लेखन किंवा गणित अडतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ही अक्षमता येते. साधारण आठव्या वर्षाच्या आधी ठाम निदान करत नाहीत, कारण तोवर बरीच मुलं उशिरा का होईना पण आपोआप मार्गी लागतात. निदान डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून करतात. एका बैठकीत कुणी शिक्का मारत असेल तर थांबा.

वाडीवर राहून हे कुठे करायचं? सुरुवात मुख्याध्यापकांपासून. समग्र शिक्षा योजनेत तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेतच शिकवण्याचं, काम बघणारे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांनी कळवलं की ते मुलाला बघतात. पुढे ओरोस, रत्नागिरी किंवा अलिबागच्या सिव्हिलला जायला सांगतील. एसटीने जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो, तेव्हा कुठल्या वारी कोणते डॉक्टर असतात ते आधी फोनवर विचारा. निरोपवही बरोबर न्या. तीन महिन्यांच्या तारखेवार नोंदी असल्या की तपासणाऱ्याला मूल कुठवर आलं आणि कुठे थांबलं ते लगेच दिसतं. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावाधाव करू नका, तिसरी-चौथीतच सुरुवात केली तर शिकवण्याची पद्धत बदलायला वेळ मिळतो, आणि तो बदल सवलतीपेक्षा मोठा आहे.

शिक्षक ऐकूनच घेत नाहीत, असंही होतं. अशा वेळी आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, ह्याच क्रमाने आणि लेखी. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. बैठकीत 'मागे पडलेल्या मुलांसाठी रोज अर्धा तास वेगळा' असा विषय कुणीही पालक-सदस्य मांडू शकतो. तुमच्या एकट्याच्या मुलाचं नाव न घेता हे होतं, आणि वाडीतल्या आणखी दोन-तीन मुलांना त्याचा फायदा मिळतो.

शेवटचं एक काम बऱ्याच जणांचं राहतं. वाडीवरची शाळा चौथी किंवा पाचवीला संपते आणि मूल हायस्कूलला जातं. तिथे प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक, वर्गात चाळीस नवी तोंडं, आणि जुन्या सरांना तीन वर्षांत जे कळलं होतं ते सगळं मागेच राहतं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात नव्या वर्गशिक्षकांना भेटा. निरोपवही त्यांच्या हातात द्या आणि जुन्या सरांना विचारून त्यांचा फोन नंबरही द्या. मुलाला काय येतं, कशाने येतं आणि सध्या कोणत्या एका गोष्टीवर काम चालू आहे, एवढं तोंडी सांगा. बसायला पुढचा बाक मागून घ्या.